मित्सीचा मुऱ्हाळी

पंचमी तोंडावर आली तरी घरात विमलचं नाव कुणी काढेना, तेव्हाच कस्तुराबाईंनी मनाशी ठरवून टाकलं की यंदा दिंडं करायची नाहीत. लेक तिकडं पोखर्णीत वाटेकडं डोळे लावून बसणार आणि आपण इथं परभणीत पुरण खायचं, हे काही त्यांच्या घशाखाली उतरणार नव्हतं.

भांडण केवढं, तर एका पाटाएवढं. मागल्या साली नातवाच्या जावळाला विमलचे सासरे व्यंकटराव दुसऱ्या पंगतीला बसले. बसवले असं नाही. पहिल्या पंगतीत पाट कमी पडला आणि गडबडीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. ते जेवले, हात धुतले आणि निघताना एवढंच म्हणाले, "आमचा पाट मोडला असंल." त्यावर विमलचा थोरला भाऊ माधवराव, हा शाळेत मास्तर आणि जिभेला हाड नसलेला, बोलून गेला, "पाट न्हाई मोडला, तुमीच उशिरा आलात." झालं. तेव्हापासून व्यंकटराव म्हणत, न्यायला या मग सुनेला धाडतो, आणि माधवराव म्हणत, त्यांनी आधी निरोप द्यावा मग जातो. आखाड गेला. जावयाला अनारसे द्यायचा धोंड्याचा महिना, तोही कोरडा गेला. पोखर्णी काय लंकेत होती? सकाळी गाडी जुंपली तर दुपारच्या जेवणाला माणूस पोचतं.

"सांगून सांगून माझं तोंड दुखलं," कस्तुराबाई सकाळी ओसरीवर नवऱ्याला म्हणत होत्या. आबासाहेब पेशकार म्हणून नोकरीतून उतरले होते, पण कचेरी त्यांच्यातून उतरली नव्हती.

"दोन्ही फरीक, वादी अन् प्रतिवादी, अडून बसलेत," ते म्हणाले. "आपण काय करावं?"

"बाप हाव तुमी. फरीक कशाचे आलेत?"

तेवढ्यात माजघरातून सुनेचा आवाज आला. चतुराबाईंचा आवाज मुळातच स्टेशनपर्यंत जाणारा.

"चोर! अवो, या की कुनीतरी! चोर धरलाय!"

सगळे धावले. चतुराबाईंनी एका पोरीचं मनगट धरलं होतं. समोरच्या घरातल्या डाक्टराची इलसा. दोन पिवळट वेण्या, गुडघ्याएवढा झगा, आणि दुसऱ्या हातानं छातीशी आवळून धरलेली बाहुली. पोरगी ना ओरडत होती ना सुटायचा प्रयत्न करत होती. दारात चतुराबाईंची नऊ वर्षांची लेक कावेरी उभी होती. तिचा चेहरा रागानं लाल झाला होता आणि डोळे भरून आले होते.

"आजी, तिनं माझी सून पळवली," ती म्हणाली.

*

इलसाचं खरं नाव इल्झे, पण ते गल्लीत कुणाच्या तोंडी बसलं नाही आणि तिनंही हट्ट धरला नाही. थंडीत ती आईबापांबरोबर आली. व्हिएन्ना नावाच्या लांबच्या शहरातून, बोटीनं मुंबईला आणि तिथून रेल्वेनं. यहुदी म्हणून तिथं त्यांचं घर गेलं, लंडाऊ डाक्टरांचा दवाखाना गेला. आईची आई, इलसाची ओमा, तिला परवाना मिळाला नाही म्हणून मागं राहिली. कावेरीशी मैत्री झाली आणि उन्हाळ्यापर्यंत इलसा परभणीच्या पोरींसारखं बोलायला लागली. तिच्या बापाला मात्र कंपाउंडरकडून शिकलेल्या दख्खनीवरच भागवावं लागे.

बाहुलीचं नाव मित्सी. ओमानं आपल्या जुन्या मखमली झग्यातून ती शिवली होती. अक्षय्य तृतीयेला कावेरीच्या बाहुल्याशी तिचं लग्न लागलं. आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव, अंतरपाट, अक्षता, कुरडया, सगळं यथासांग झालं. इलसा नवरीकडची. तिला इतकी मजा आयुष्यात आली नव्हती. मग वरात निघाली, पोरांनी डबे बडवले आणि कावेरी मित्सीला घेऊन आपल्या घरात शिरली. दार लागलं. इलसा गल्लीत उभी राहिली. खेळ संपला की बाहुली परत येईल म्हणून ती दिवेलागणीपर्यंत पायरीवर बसून होती.

आता चतुराबाईंच्या मुठीत मनगट अडकलेलं असताना तिला तीच पायरी आठवत होती. आणि त्याच्याही आधीची, व्हिएन्नातली, जिच्यावरून खालच्या मजल्यावरची ट्रूडी हसत हसत उतरून गेली होती.

*

आबासाहेबांनी कचेरी भरवली. ओसरीवर स्वतः बसले, समोर पाट ठेवला. डाक्टर आणि त्यांची बायको मार्था निरोप मिळताच आले. डाक्टर गळपट्टी लावता लावताच आले होते, मार्थाच्या हाताला पीठ होतं. शेजारच्या पार्वतीबाई न बोलावता आल्या आणि खांबाला टेकून बसल्या. माधवराव शाळेला निघाले होते ते तसेच थांबले.

"फिर्यादी कोण?" आबासाहेबांनी विचारलं.

"मी," कावेरी म्हणाली.

"मुद्देमाल पाटावर ठेवा."

इलसा हलली नाही. डाक्टरांनी हात जोडले. "आबासाहेब, माफ करो. मेरी बच्ची ऐसी नै है." त्यांच्या कपाळावर घाम आला होता. एका गावातून हाकललेला माणूस दुसऱ्या गावात पोरीवर चोरीचा आळ आलेला ऐकतो तेव्हा त्याला काय वाटत असेल, ते कस्तुराबाईंना त्या घामावरून कळलं. त्या सुनेवर चिडल्या. एवढं बोंबलायची काय गरज होती?

मार्थानं लेकीजवळ जाऊन आपल्या भाषेत हळूच काहीतरी सांगितलं. आणि जी पोरगी आतापर्यंत खामोश उभी होती ती एकदम मराठीत ओरडली.

"न्हाई! मी हसून देनार न्हाई! ट्रूडीला दिलं तवा हसले. आता न्हाई!"

"ट्रूडी कोन?" कावेरीनं विचारलं. रागात असली तरी नवीन नाव आलं की तिला राहवत नसे.

"माझी मैतरीन होती. तिकडं. ती आली अन् माझे बर्फावर घसरायचे बूट घेऊन गेली. मम्मा म्हनली, हस, न्हाईतर ते लोक लय चिडतील. मी हसले. मंग ट्रूडी कधीच बोलली न्हाई." तिनं बाहुली आणखी आवळली. "अन् तू बी तसंच केलीस. वाजत गाजत आलीस अन् मित्सीला घेऊन गेलीस."

"बर्फावर कशाला घसरायचं?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"मी घेतली?" कावेरी पुढं आली. "तूच दिलीस की! अक्षता टाकल्यास. सासरी वाटी लावायच्या वक्ताला रडलीस बी!"

"तू तिला नेऊ लागलीस म्हनून रडले."

"नवरी सासरी जातीच की! सगळ्याच रडतेत."

"मला वाटलं खेळ हाय. खेळ झाला की आपापलं आपल्या घरी."

आबासाहेबांनी चष्मा काढून पुसला. असल्या पेचाला त्यांच्या कचेरीत कलम नव्हतं.

"मंग मागायची व्हतीस," कावेरीचा आवाज जरा खाली आला. "इतके दिवस मागितली कामून न्हाईस?"

"मम्मा म्हनली आपन पाहुने हावोत. पाहुन्यांनी कायबी मागायचं न्हाई. कुनाची तकरार करायची न्हाई." आणि मग, जरा थांबून, "आज ओमाचा वाढदिवस हाय. दर वाढदिवसाला मित्सी टेबलावर बसती. आज मला राहवलं न्हाई."

लेकीचं मराठी आईला कळत नव्हतं, पण 'ओमा' एवढा शब्द कळला आणि मार्थानं पीठ लागलेल्या हातानंच तोंड झाकून घेतलं.

कावेरी मात्र आता इरेला पेटली होती. तिचं स्वतःचं दुखणं अजून बोलायचं राहिलंच होतं.

"अन् मी? मी वाट बघून बघून मेले! आखाडात नव्या सुनेनं सासूचं तोंड बघायचं नसतंय, म्हनून मी तिला नवं पातळ नेसवून दारात बसवलं. येतीलच न्यायला. कुनी आलं न्हाई. धोंड्याचा महिना गेला. पंचमी आली, लिंबाला तिच्यापुरता झोका बी बांधला. तरी कुनी न्हाई! लेक दिली अन् इसरून गेलात. म्हनून मी तुज्याशी बोलायचं सोडलं."

"कुठं न्यायला?"

"तुज्या घरी! माहेरी!"

इलसानं तिच्याकडं बघितलं. आवाज इतका बारीक झाला की पार्वतीबाई खांब सोडून पुढं सरकल्या.

"ती परत येती?"

"मंग? लेक काय कायमची जाती व्हय? माहेरचं मानूस मूळ घेऊन येतंय, तिला घेऊन जातंय. मुऱ्हाळी म्हनतेत त्याला. पंचमीला सगळ्या लेकी माहेरी येतेत." कावेरीला खरोखरच नवल वाटत होतं. "तुमच्यात येत न्हाईत का?"

"आमच्यात," इलसा म्हणाली, "गेलेलं परत येत न्हाई."

कस्तुराबाईंनी पदर डोळ्याला लावला. त्या काही लपवण्याच्या भानगडीत पडल्या नाहीत.

"कावेरी," आबासाहेब म्हणाले, "तिला आपला रिवाज ठाऊक न्हाई. तू सांगायचं व्हतंस, बाई. एक गल्ली ओलांडायची तर व्हती."

"सासरच्यांनी कसं सांगावं? इज्जत जाती," कावेरी म्हणाली. मग ती बापाकडं वळली. ज्याला घरातलं सगळं ठाऊक असतं अशा माणसाकडं वळावं, तशी. "अन् मला वाटलं डाक्टरसाहेब रुसले. लग्नाच्या दिवशी ते दवाखान्यातून उशिरा आले ना, दुसऱ्या पंगतीला बसले. दुसऱ्या पंगतीला बसलं की मूळ बंद होतंय. आत्याचं तसंच झालं की. असाच नियम हाय ना, बाबा?"

*

माधवरावांनी आयुष्यात बऱ्याच पोरांना नियम शिकवले होते. व्याकरणाचे, भूमितीचे, फळ्यासमोर सरळ उभं राहण्याचे. हा नियम आपण कधी शिकवला ते त्यांना आठवेना, आणि शिकवला तर होता, पक्का शिकवला होता. पोरीनं तो जसाच्या तसा उचलून दुसऱ्या घराला लावला होता.

सगळे त्यांच्याकडं बघत होते. आई बघत नव्हती. ती मुद्दाम अंगणातल्या लिंबाकडं बघत होती, जिथं एका बाहुलीएवढा झोका वाऱ्यानं हलत होता. विमलचा झोका त्याच फांदीला असायचा. लहानपणी ती म्हणायची, दादा, आणखी वर. आणि वर गेली की ओरडायची, दादा, उतरव. तिला कधीच दोन्हीतलं एक पुरायचं नाही.

'एक गल्ली ओलांडायची तर व्हती.' वडील नातीला म्हणाले होते. की नातीच्या आडून आणखी कुणाला?

"असा नियम न्हाई," माधवराव म्हणाले.

"मग आत्या?"

"माझं चुकलं." हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले तेव्हा सर्वांत जास्त दचकल्या त्या चतुराबाई. लग्नाला बारा वर्षं झाली, त्यांनी हे शब्द ऐकले नव्हते. पण बाईच्या मनात दुसरंच आलं. नणंद येणार, म्हणजे चार दिवस सासूचं लक्ष तिकडं, मधली खोली तिला, दुधाची साय तिला. असू दे. मागल्या वर्षीची पंचमी त्यांना आठवली. फुगडी घालायला जोडीला कुणी नव्हतं.

"व्यंकटरावांना आवडतेत म्हनून मी शेंगांच्या पोळ्या करून देते, पोखर्णीला न्यायला," त्या म्हणाल्या. मग इलसाकडं गेल्या, जिचं मनगट त्यांच्या बोटांनी अजून लाल होतं. तिथं त्यांनी हळूच हात फिरवला. "अन् मी चोर म्हनले ते इसर, माय. माझ्या तोंडाला कळत न्हाई."

आबासाहेबांनी निकाल दिला. सून सासरचीच. पण माहेरचा हक्क कुणी बुडवू शकत नाही. मुऱ्हाळी आजच येईल, रीतसर, आणि सून आजच माहेरी जाईल.

"इलसाला भाऊ न्हाई," कावेरी म्हणाली. "मुऱ्हाळी कोन?"

इलसानं बापाचा हात धरून त्याला ओढलं.

"रिकाम्या हातानं यायचं न्हाई," कस्तुराबाईंनी बजावलं. "अन् समोरच राहता म्हनून पायी बी यायचं न्हाई. लेकीला काय चालवत नेता?"

इलसानं मित्सीकडं बघितलं. मग ती पुढं आली आणि तिनं बाहुली कावेरीच्या हातात दिली. हसली नाही. पण दिली, आणि मग मागं न बघता घराकडं पळाली.

*

दोन प्रहरी गल्लीत टांगा आला. समोरच्या घरातून निघून, स्टेशनच्या रस्त्यानं वळसा घालून, समोरच्याच घरापुढं उभा राहिला. टांगेवाल्यानं पूर्ण भाडं मागितलं आणि त्याचं बरोबरच होतं. डाक्टर उतरले. काळा कोट, डोक्यावर हॅट, एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात ओमाच्या वाढदिवसाचा केक झाकून आणलेला. मागून इलसा. सगळी गल्ली दारांत गोळा झाली होती. पण डाक्टर हसले नाहीत. रोग्याच्या घरात शिरावं तसे अदबीनं शिरले.

कावेरी आईचं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन उभी होती. तिनं पाट मांडला, पहिल्या पंगतीचा मोठा पाट, आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

"बसा व्याही. वाटंत तरास न्हाई ना झाला? लय लांबून आलात."

इलसानं कानात सांगितलं. डाक्टर पाटावर अवघडून बसले, हॅट मांडीवर ठेवली.

"हौ," ते म्हणाले. "बहुत दूर से आया."

दारातल्या बाया हसत होत्या. थट्टेची गोष्ट होती, पण माणूस खरंच लांबून आला होता. कस्तुराबाईंनी पाण्याचा तांब्या स्वतः उचलून त्यांच्या हातात दिला.

त्याच वेळी मागच्या अंगणात माधवराव गाडी जुंपत होते. आबासाहेब तिकडं गेले तर गाडीत चटईवर शिसवीचा एक नवा पाट, पितळी फुलांचा, दोरीनं नीट बांधून ठेवलेला.

"हे काय?"

"व्यंकटरावांचा पाट," माधवराव म्हणाले. "मोडला म्हणत होते ना? घेऊन जातो." आणि बैलाच्या पाठीवर थाप मारून निघाले. आबासाहेब बऱ्याच वेळानं हसले, एकटेच.

*

विमल आली. दारातच भाकरतुकडा ओवाळून घेताना रडली, मग आईला म्हणाली तू वाळलीस, आणि आई म्हणाली तू. पंचमीच्या दिवशी लिंबाला दोन झोके होते, मोठ्यावर विमल आणि लहानावर मित्सी. फुगडीत चतुराबाईंनी नणंदेला असं गरगरवलं की दोघी तुळशीपाशी जाऊन पडल्या. मार्थाला मेंदी लावली. ती रंगलेले हात उन्हात धरून सारखी बघत होती.

पंचमी सरली त्याच्या दुसऱ्याच सकाळी इलसा मित्सीला घेऊन दारात उभी राहिली. बाहुलीच्या कमरेला केकच्या तुकड्याची पुरचुंडी बांधली होती, माहेरची शिदोरी म्हणून.

"एवढ्यात?" कावेरी म्हणाली. "राहू दे की. श्रावण सरेपस्तोर राहतेत लेकी."

"न्हाई," इलसा म्हणाली. "घरातच राहिली तर पुढच्या साली मूळ कुनाला धाडू?"

तिनं मित्सीला बाहुल्याशेजारी बसवलं. मग कस्तुराबाईंकडं आली. त्या विमलसाठी आणलेल्या लुगड्यांच्या घड्या मोडून बघत होत्या.

"आजी, पुढच्या पंचमीला मुऱ्हाळी ओमा येनार. मित्सी तिनं शिवली, तीच खरी आई. पर ओमाला कोन आननार? तिला बी मूळ धाडावं लागंल ना?"

"आईला कुनी मूळ धाडतंय का?" चतुराबाई म्हणाल्या, पण हळू.

"धाडतंय," कस्तुराबाई म्हणाल्या. "लेक परदेशी असली की धाडतंय. काय नेसती तुझी ओमा?"

"झगा. लांब. काळा."

"पंचमीला काळं नसतंय, बाई."

त्यांनी दोन लुगड्यांतलं हिरवं, बारीक काठाचं, निवडलं. विमलनं स्वतःच ते नीट घडी करून आईच्या हाती दिलं. तिकडची माणसं तिकडून निघत नाहीत, बोटी मिळत नाहीत, लढाई पेटणार असं तालुकदाराच्या कचेरीतही बोलतात, हे आबासाहेबांनी कालच जेवताना सांगितलं होतं. कस्तुराबाईंनी ते सगळं ऐकलं होतं.

त्यांनी पेटी उघडली. नवी लुगडी नेहमी तळाला जायची, डांबराच्या गोळ्यांबरोबर. हे त्यांनी तळाला ठेवलं नाही. सगळ्यांच्या वर ठेवलं, पटकन हाताशी येईल असं.